लेखक किती? आठ!

(ठाण्यात तरुण डॉक्टरांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. निमंत्रणावर विषय छापलाय, 'शोधनिबंध : लिहावा कसा, पाठवावा कुठे'. शनिवारची संध्याकाळ, गोखले रोडला गाडी लावायला जागा नाही, आणि तरी तुम्ही एवढे जण आलात. म्हणजे कुणाची थिसिस जमा करायची तारीख जवळ आली असणार, नाहीतर कुणाची प्रमोशनची फाईल अडलेली असणार. ज्ञानाची ओढ हे तिसरं कारणही असू शकतं, पण मी आयुष्यभर पॅथॉलॉजी शिकवलंय, त्यामुळे मला ते सांगू नका. माझी एक पुण्याची मैत्रीण आहे. तिला म्हटलं, पेपर लिहिण्यावर बोलायला ठाण्याला चाललेय. ती म्हणाली, बरोबर आहे, पेपर लिहायला घेतलेला माणूस शेवटी ठाण्यालाच पोचतो. हा विनोद ऐकून घ्यायची आपल्या गावाची सवय शंभर वर्षांहून जुनी आहे, तेव्हा पुढे जाऊ.

पेपर लिहायला कुठून सुरुवात करायची? कुणी सांगेल प्रस्तावना, जाणकार सांगेल पद्धती. मी सांगते, शीर्षकाखालच्या ओळीपासून. तुमची नावं असतात ना, त्या ओळीपासून. ती ओळ आपल्याकडे सगळ्यात शेवटी लिहिली जाते, आणि लग्नपत्रिकेसारखी लिहिली जाते. पत्रिकेत कसं, आधी दिवंगत आजोबा, मग थोरले काका, मग ज्यांचं नाव राहिलं तर जन्मभर बोलणार नाहीत ते मामा, आणि खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. पत्रिकेत ते शोभतं, कारण उद्या मुहूर्त चुकला तर त्या चिल्ल्यापिल्ल्यांना कुणी जाब विचारत नाही. पेपरचं तसं नाही. तिथे जाब विचारणारा माणूस बसलेला असतो आणि बऱ्याचदा ती मीच असते.

एक किस्सा सांगते. रिव्ह्यूअरने, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या परीक्षकाने, गुप्तता पाळायची असते, म्हणून रोग बदलून सांगते, मुद्दा तोच आहे. एका जर्नलने माझ्याकडे एक केस रिपोर्ट पाठवला. रुग्ण एक, लेखक आठ. तरुण बाई, स्तनात गाठ, बायॉप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सूज आलेल्या जागी पेशींचे पुंजके. निदान केलं होतं इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे कारण न सापडलेली स्तनाची सूज, म्हणून स्टिरॉइड दिले, बाई बऱ्या झाल्या, दुर्मीळ केस आहे, छापा. इथे पॅथॉलॉजीवाले कोण आहेत? हात वर करा. हां, तुम्ही आधीच हसताय. इतरांसाठी सांगते. 'इडिओपॅथिक' हा शब्द बाकीची सगळी दारं वाजवून झाल्यावर लिहायचा असतो. आपल्या देशात ग्रॅन्युलोमा दिसला की पहिलं दार टीबीचं. आणि टीबी असताना नुसते स्टिरॉइड दिले तर तो कसा भडकतो, ते तुम्हाला सांगायला नको. पेपरमध्ये झील-नील्सन स्टेनचा, म्हणजे टीबीचे जंतू दाखवणाऱ्या रंगाचा, उल्लेखच नव्हता. कल्चरचा नाही, जीनएक्सपर्ट या टीबीच्या झटपट तपासणीचा नाही. फोटो एकच, तोही लो पॉवरचा.

मी साधे दोन प्रश्न लिहिले. झील-नील्सन केलं का, आणि गाठीचे किती सेक्शन, म्हणजे पातळ काप, पाहिले? बस. स्लाइड काढून दहा मिनिटांत उत्तर देता आलं असतं. बरेच दिवस गेले, मग उत्तर आलं. इतकं सभ्य उत्तर मी क्वचित वाचलंय. 'आदरणीय परीक्षकांच्या मौलिक सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत. तथापि संबंधित रेसिडेंट आता संस्थेत नसल्यामुळे ही माहिती उपलब्ध होऊ शकत नाही.'

आठ लेखक! सर्जरीचे तीन, रेडिओलॉजीचे दोन, पॅथॉलॉजीचे विभागप्रमुख, एक डीन, आणि एक गृहस्थ ज्यांचा विभाग मला शेवटपर्यंत कळला नाही. आठांपैकी एकानेही ती स्लाइड पाहिलेली नव्हती. पाहिली होती ती त्या रेसिडेंट मुलीने, आणि तिचं नाव होतं सर्वात खाली, आभारात. तेही स्पेलिंग चुकवून.

मी संपादकांना कळवलं, या पेपरचा लेखक लेखकांत नाही. संपादक खमके निघाले, त्यांनी स्पष्टीकरण मागवलं. पुढच्या खेपेला पेपर आला तेव्हा नावं नऊ. ती मुलगी नववी. आणि सोबत माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं, हाय पॉवरचे स्वच्छ फोटो, झील-नील्सन निगेटिव्ह, कल्चरचा रिपोर्ट. सगळं केलेलं होतं हो! तिने सगळं केलं होतं, नोंदवलं होतं, आणि दुसऱ्या गावाहून पाठवून दिलं. तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं. मधल्या मध्ये नववं नाव घालायला आधीच्या आठही जणांच्या सह्यांचं पत्र लागलं, कारण सबमिशननंतर लेखकांची यादी बदलायची तर सगळ्यांची लेखी संमती मागतात. त्या आठ सह्या कुणी गोळा केल्या असतील, ओळखा. बरोबर. तिनेच.

आणि एवढं करून नववं स्थान. तुम्हाला माहीत आहे, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रमोशनला पहिले तीन लेखक आणि कॉरस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, एवढेच धरत होते. गंमत म्हणजे त्याच नियमांत सुटा केस रिपोर्ट मुळातच धरत नव्हते. म्हणजे डीनसाहेबांनाही काही मिळालं नाही. फुकटच्या पंगतीत नऊ पानं मांडली आणि वाढप्याकडे काहीच नव्हतं.

आता नियम काय म्हणतो? १९७८ साली काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडात व्हँकुव्हरला जमले. प्रत्येक जर्नलची मांडणीची तऱ्हा वेगळी, त्याला कंटाळून त्यांनी एक समान नियमावली केली. संदर्भ आकड्यांत देण्याची आपली व्हँकुव्हर पद्धत तिथली. त्या गटाची पुढे आंतरराष्ट्रीय संपादक समिती झाली, आयसीएमजेई. लेखक कोण, याच्या त्यांनी चार अटी घातल्यात आणि चारही पाळायच्या असतात. कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचं विश्लेषण यांत भरीव वाटा हवा. मसुदा लिहिलेला हवा, किंवा त्यात डोकं घालून दुरुस्त्या केलेल्या हव्यात. अंतिम प्रतीला मंजुरी हवी. आणि चौथी, २०१३ साली घातलेली, कामाच्या कुठल्याही भागावर प्रश्न आला तर त्याची तड लावायची जबाबदारी घेतलेली हवी. आमचे आठही जण या चौथ्या अटीवर घसरले. निधी मिळवून दिला, विभाग चालवला, रुग्ण पाठवला, एवढ्याने लेखक होत नाही. त्यासाठी आभाराची जागा आहे, आणि ती मानाची जागा आहे.

मला माहीत आहे तुमच्या मनात काय आलंय. 'मॅडम, एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, नाव घातलं नाही तर सही कोण देणार?' अगदी खरं आहे. यावर माझा उपाय भांडणाचा नाही. पहिला मसुदा नीट छापून, दोन ओळींत अंतर सोडून, त्यांच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, सर, सबमिशनला तीन आठवडे आहेत, लाल पेन चालवा. निम्मे एचओडी असे पेन चालवतात की तुम्हाला तुमचा पेपर ओळखू येत नाही. आखणीतही त्यांचा हात असेल तर ते हक्काने लेखक झाले. उरलेले पेपर उघडतही नाहीत. त्यांच्याबद्दल निदान तुमच्याजवळ पुरावा राहतो.

आणि माझा खरा आग्रह असा आहे. ज्या दिवशी सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, एथिक्स कमिटीकडे जाते, त्याच दिवशी एक कागद करा. नावं लिहा, क्रम लिहा, आणि प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहा, जो त्या माणसाला रात्री झोपेतून उठवून विचारला तरी उत्तर येईल. सेक्शन किती पाहिले? कुठला रुग्ण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणारी रँडमायझेशनची यादी कुणाकडे होती? आठ रुग्ण मधेच का गळले? ज्याच्या नावापुढे प्रश्नच सुचत नाही, त्याचं नाव आभारात. कुणी संस्था सोडून गेलं की कागद पुन्हा काढायचा. खाली सगळ्यांच्या सह्या.

शेजारच्या रायगडात महाडचं उदाहरण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशाने कोकणातली पोरं दगावत होती, तेव्हा प्राझोसिन या औषधाचा अनुभव त्यांनी १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये मांडला. पुढे प्राझोसिनसोबत विंचूप्रतिविष दिलं तर काय फरक पडतो, याची ७० रुग्णांवरची चाचणी २०११ साली बीएमजे या जर्नलमध्ये आली. दोन्ही ठिकाणी लेखक दोन, ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी. कोणताही प्रश्न विचारा, दोघांपैकी एक जण खाटेजवळ उभा होता. मोठं कॉलेज नाही, संख्याशास्त्राचा विभाग नाही. आणि आपण मुंबईला खेटून बसलेली माणसं म्हणतो, आमच्याकडे सोयी नाहीत.

अरे, चिठ्ठी आली. 'मॅडम, दहा मिनिटं.' आणि पत्रिकेवरचा विषय अजून सुरूच व्हायचाय. ठीक आहे, आता लोकल धरल्यासारखं बोलते, लिहून घ्या.

थिसिस म्हणजे पेपर नव्हे. शंभर पानांतली 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' पेपरात तीन परिच्छेदांची होते, आणि मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या माहितीचा मोठा तक्ता, घरी राहतो. आधी तक्ते करा, मग पद्धती, मग निकाल, मग चर्चा, प्रस्तावना त्यानंतर आणि सारांश सगळ्यात शेवटी. सारांशातला प्रत्येक आकडा आतल्या आकड्याशी जुळवून पाहा. आम्ही रिव्ह्यूअर आधी बेरजा करतो. परवाच्याच एका तक्त्यात वर लिहिलंय एकूण १२०, खाली पुरुष ७१, स्त्रिया ४६. तिघं गेले कुठे? मजकुरात अवाक्षर नाही. त्याच तक्त्यात १२ पैकी ४ रुग्णांना ३३.३३ टक्के. बारा माणसांत दशांश चिन्हानंतर दोन आकडे कशाला? आणि पी, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता दाखवणारा आकडा, बरोबर ०.००० असं कधीही लिहू नका. सॉफ्टवेअर जागा संपली म्हणून तसं दाखवतं. ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं.

परवानग्या. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख पद्धतींमध्ये द्या. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयची, म्हणजे भारताच्या ट्रायल नोंदवहीतली, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही, त्यामुळे 'नंतर करू' हा आपला राष्ट्रीय मंत्र इथे चालत नाही. केस रिपोर्टला रुग्णाची लेखी संमती, छापण्यासाठीची, ऑपरेशनची वेगळी. आणि फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते हा समज सोडा. शेजारीण पट्टीसकट ओळखते.

अभ्यासाच्या जातीप्रमाणे चेकलिस्ट असते. ट्रायलला कॉन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला प्रिझ्मा, केस रिपोर्टला केअर. इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर सगळ्या फुकट मिळतात. ती अभ्यास आखताना उघडायची, सबमिशनच्या रात्री नव्हे.

जर्नल कुठलं? तुमच्या संदर्भयादीत जे जर्नल तीन-चारदा आलंय, तिथे आधी पाहा. आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन निघतं, त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना नुसत्या वाचल्यात तरी बरंच शिकाल. 'डिअर एमिनंट प्रोफेसर' म्हणून ज्याची मेल येते आणि चार दिवसांत स्वीकारतो म्हणतं, तिथे पाठवू नका. अशाच धंद्याबद्दल हैदराबादच्या एका प्रकाशकाला अमेरिकन न्यायालयाने २०१९ साली पाच कोटी डॉलरच्या वर भरण्याचा आदेश दिला. एकच पेपर एका वेळी एकाच जर्नलला, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

परीक्षकांपासून नाव लपवणारं जर्नल असेल तर शीर्षकपान वेगळ्या फाईलमध्ये द्या, आणि मुख्य फाईलमध्ये 'आमच्या कळव्याच्या रुग्णालयात' असं लिहून स्वतःच पत्ता देऊ नका. चॅटजीपीटीची मदत घेतलीत तर तसं सांगा. त्याला लेखक करू नका, ते चौथ्या अटीला उभं राहत नाही. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीवर उघडून पाहा, कारण ते नसलेले पेपर छान रचून देतं.

परीक्षकांचे शेरे आले की पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका, रागाचं व्याकरण वाईट असतं. मग प्रत्येक शेरा उतरवून घ्या, खाली उत्तर, आणि बदल कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत केला ते. शेरा पटला नाही तर कारण देऊन नाही म्हणा, चालतं. आम्हालाही चुका दाखवल्या की कळतात. पेपर परत आला तर शेऱ्यांप्रमाणे सुधारूनच पुढच्या जर्नलला पाठवा, कारण विषय लहान असला की तोच रिव्ह्यूअर पुन्हा भेटतो. आणि कव्हर लेटरमधलं आधीच्या जर्नलचं नाव बदला. मला अशी पत्रं आलीयत ज्यांत आमचं सोडून दुसऱ्याच जर्नलच्या संपादकांची स्तुती होती.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न चहाच्या टेबलाशी विचारा, आणि ज्यांनी आपला पेपर पेन ड्राइव्हवर आणलाय त्यांनी तो मला देऊ नका, माझ्या सुनेने सक्त ताकीद दिलीय. छापून आणला असेल तर बघू.