कादंबरी लिहायची तर कान हवा

नमस्कार, श्रोतेहो.

कादंबरी लिहिण्याची ओढ म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे रात्रीचा दिवा, विस्कटलेले केस आणि भरभर धावणारा पेन येतो. ते चित्र बाजूला ठेवा. ज्याला साहित्यिक कादंबरीचं खरंखुरं वेड लागलंय, तो सकाळभर एका वाक्यापाशी बसतो आणि दुपारी तेच वाक्य खोडून टाकतो. गोष्ट त्यालाही सांगायची असते. पण ती कोणत्या शब्दांच्या पायांनी चालते, याची त्याला जास्त काळजी. आणि वाक्य लंगडतंय की नीट चालतंय, हे आधी कानाला कळतं. पुन्हा सांगतो, आधी कानाला कळतं, डोळ्याला नंतर.

यावर एक किस्सा आहे. साल 1849, महिना सप्टेंबर. फ्रान्समध्ये रुआं शहराजवळ, सेन नदीच्या काठी, क्रवासे नावाची वस्ती. तिथल्या घरात राहणारा गुस्ताव फ्लोबेर, पुढे मोठा कादंबरीकार झाला तो, तेव्हा 27 वर्षांचा होता. तोवर त्याचं एकही पुस्तक आलेलं नव्हतं. ख्रिस्ती संत अँथनीला वाळवंटात पडलेल्या मोहांवर त्यानं एक भलंमोठं बाड लिहून पुरं केलं होतं. ते ऐकायला त्यानं दोन जिवलग मित्रांना बोलावलं: कवी लुई बुये आणि माक्सिम द्यु कां. अट एकच. शेवटचं पान होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही.

वाचन सुरू झालं. दुपारी 12 ते 4. मग रात्री 8 ते 12. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. करा हिशेब: रोजचे आठ तास, चार दिवस, म्हणजे 32 तास! वाचणारा रंगात आलेला, हातवारे करतोय, गातोय म्हणा ना. ऐकणारे दोघे वाट बघताहेत, आता काहीतरी घडेल, मग घडेल. घडत काहीच नाही. एक भास जातो, दुसरा येतो. देव येतात, पाखंडी येतात, राक्षस येतात. संत आपला जागच्या जागी. प्रत्येक बैठक संपली की फ्लोबेरची आई या दोघांना बाजूला घेऊन विचारायची, काय, कसं वाटतंय? काय सांगणार बिचारे! गप्प बसायचे.

चौथ्या रात्री वाचन संपलं आणि फ्लोबेरनं विचारलं, आता बोला, मोकळेपणानं. बुये स्वभावानं भिडस्त, पण तोच बोलला. म्हणाला, आम्हाला वाटतं हे तू आगीत टाकावंस आणि पुन्हा याचा विषयही काढू नयेस. ही सगळी हकीगत द्यु कांनं पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. रात्रभर वाद झाला. मित्रांचं म्हणणं असं, की तुझी लेखणी आभाळात उडते. तेव्हा आता असा साधा, जमिनीवरचा विषय घे, की उडायला जागाच उरणार नाही.

मग प्रवासात दोनेक वर्षं गेली आणि 19 सप्टेंबर 1851 रोजी फ्लोबेरनं नवं लिखाण सुरू केलं. विषय काय, तर आडगावातल्या एका सामान्य डॉक्टरची कंटाळलेली बायको. तीच ‘मादाम बोव्हारी’. लिहायला साडेचार वर्षं लागली. आता तो वाक्य लिहायचा आणि खोलीत येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं म्हणायचा. तोंडात नीट बसलं नाही तर खोडायचा. त्यातला शेतकी मेळाव्याचा प्रसंग ऐका. वर एक पुरुष बाईला प्रेमाच्या गोष्टी सांगतोय आणि खाली चौकात बक्षिसं जाहीर होताहेत. मी कितीदा निघून जायचं ठरवलं, पण राहिलो, असं तो म्हणतो आणि खालून लगेच आवाज येतो: शेणखत! त्या प्रेमावर लेखक स्वतः एका शब्दानं टीका करत नाही. दोन आवाज शेजारी ठेवले, काम झालं. असा प्रसंग कानानंच जुळवावा लागतो.

किश्श्यानं बराच वेळ खाल्ला. आता कामाचं थोडक्यात. पहिला खर्डा झाला की महिनाभर मिटून ठेवा. मग कागदावर छापून घ्या आणि मोठ्यानं वाचा. मिनिटाला साधारण 120 शब्द धरले, तर 60,000 शब्दांच्या कादंबरीला सव्वाआठ-साडेआठ तास लागतात. रोज एक तास वाचा, त्याहून जास्त नको. थकलेल्या कानाला सगळंच गोड लागतं. हातात पेन्सिल ठेवा आणि तीनच खुणा करा: जीभ अडखळली तिथे, दम तुटला तिथे, आणि आपल्यालाच कंटाळा आला तिथे. वाचता वाचता दुरुस्ती करू नका, लय जाते. नुसत्या खुणा. संगणकाकडून वाचून घेऊ नका, तो अडखळत नाही आणि आपल्याला तर अडखळणंच हवंय.

ऐकायला माणूस बसवलात तर “कसं वाटलं?” असं विचारू नका. तो “छान” म्हणेल. लक्ष कुठे उडालं, ते विचारा. आणि त्याला 32 तास बसवू नका!

मराठीत एक दोष हमखास ऐकू येतो. ओळीमागून ओळ ‘होता, होती, होतं’वर संपते, डोळ्याला खटकत नाही, कानाला मात्र हातोडी बसते. दुसरा दोष, सगळी पात्रं एकाच तोंडानं बोलतात. नावं झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय हे ओळखू आलं नाही तर संवाद पुन्हा लिहा. तिसरा, भावना सांगून टाकणं. ‘त्याला वडिलांचा भयंकर राग आला होता,’ हे वाक्य घ्या. त्याऐवजी, ‘वडिलांची हाक आली तसा त्यानं नळ आणखी मोठा सोडला.’ राग हा शब्द गेला, राग राहिला. पण हेही दर ओळीला केलंत तर वाचक दमतो. ‘दोन वर्षं गेली’ हे सरळ ‘दोन वर्षं गेली’ असंच लिहावं.

आणि ती टिंबं! वाक्याच्या शेवटी तीन तीन टिंबं देऊन हुरहुर लागत नाही हो. मोठ्यानं वाचताना टिंबांचा उच्चार काय करणार? आणखी एक, विषयाला सोडून आहे, पण सांगतो: कादंबरीच्या आधी अर्पणपत्रिका लिहून ठेवणाऱ्यांचं मला कोडं आहे.

हां, ते आगीत टाकायला सांगितलेलं बाड. फ्लोबेरनं ते जाळलं नाही. 1856 साली पुन्हा काढलं, बरंच कापलं, परत ठेवलं. मग तिसऱ्यांदा लिहिलं आणि 1874 साली ते पुस्तक म्हणून आलं, त्या 32 तासांनंतर 25 वर्षांनी. बुये तेव्हा हयात नव्हता. तो 1869 मध्येच गेला होता.

नमस्कार.