खाडाखोडीतून निघालेले प्राणी

[दृश्य : हस्तलिखिताचं पान. कॅमेरा खोडलेल्या ओळींवरून सरकतो.]

साल 1924. अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सजवळच्या सान इसिद्रोमध्ये आजारी रवींद्रनाथ टागोर लेखिका व्हिक्टोरिया ओकॅम्पो यांचे पाहुणे आहेत. ‘पूरबी’ या संग्रहाच्या कविता लिहून होताहेत. या वहीतली खाडाखोड नीट पाहा. नको असलेला शब्द एका रेघेत खोडून ते मोकळे होत नाहीत. तो शाईने गच्च भरतात, शेजारचाही भरतात, मग दोन्ही डाग एका वळणदार रेघेने जोडतात. पुढचा डाग जोडला गेला की चोच दिसायला लागते. सगळंच भरत सुटलं तर पानाचा नुसता चिखल होईल. इथे कवितेच्या राखलेल्या ओळीच प्राण्याची हद्द ठरवतात.

[दृश्य : रंगीत शाईतला चेहरा, अगदी जवळून.]

1928च्या सुमारास ही चित्रं कवितेपासून सुटी झाली. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतंच. टाक, कुंचला, चिंधी, कधी नुसतं बोट. रंगीत शाई पारदर्शक असते, खालचा थर वरच्यातून दिसतो. म्हणून थर वाळू द्यावा लागतो; घाई केली तर रंग एकमेकांत फुटतात आणि कागदाचा पृष्ठभाग सोलवटतो. पांढरा रंग लावून उजेड आणायची सोयही नाही. उजेड हवा तिथे कागद कोराच राखायचा. या चेहऱ्याच्या कपाळावरचा पट्टा तसाच राखलेला. भोवती गडद शाई चढली, की चेहरा अंधारातून पुढे येतो.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, पॅरिस.]

मे 1930, पॅरिसचं गॅलरी पिगाल. 125 चित्रं. खटपट सगळी ओकॅम्पोंची. चित्रकार एकोणसत्तरीचा, आणि हे त्याचं पहिलंच प्रदर्शन! त्याच वर्षी चित्रं बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्कला गेली. अतिवास्तववाद्यांच्या, म्हणजे स्वप्न आणि नेणीव रंगवणाऱ्यांच्या, शहरात त्यांच्याशी तुलना होणारच होती, पण तो शिक्का फार सोयीचा आहे. इथे स्वप्नाची नोंद नाही. हात आधी चालतो, आकार मागून येतो. चित्रांना नावं द्यायला रवींद्रनाथ तयार नसत, तेही त्यामुळेच असावं. बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेलेली पाच चित्रं 1937 मध्ये नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून काढून टाकली.

[दृश्य : मंद उजेडातलं दालन.]

आज अशी चित्रं टांगताना खरा शत्रू उजेड. रंगीत शाया उडतात, आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून कागदावरच्या चित्रांवर साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात, काच अतिनील किरण अडवणारी, मागचा पुठ्ठा आम्लमुक्त. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल काही वर्षांत कागदाच्या कडा पिवळ्या करतं. काही महिन्यांनी चित्र उतरवून अंधारात विसावायला ठेवतात. बाहेरच्या उन्हातून आलात तर पहिली काही मिनिटं सगळं काळंच दिसेल. थांबा. आधी कोरा राखलेला कागद दिसतो, मग डोळे, मग बाकीचा प्राणी.