बहात्तराव्या वर्षी हाती घेतलेली कात्री

[दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर एक फूल. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

पाहताक्षणी हे रंगवलेलं चित्रच वाटतं. जरा जवळून बघा. पाकळीच्या कडेला कागदाची जाडी दिसते. देठ, पानं, पानांवरच्या शिरा, सगळं कात्रीने कापून काळ्या कागदावर चिकटवलेलं आहे. कृष्णकमळाच्या कुळातलं हे फूल १७७७ सालचं. या एका फुलात कागदाचे २३०हून जास्त तुकडे आहेत, आणि ते कापणाऱ्या मेरी डिलेनी तेव्हा सत्त्याहत्तरीच्या घरात होत्या.

जन्म १७०० सालचा, इंग्लंडमधल्या विल्टशरचा. सतराव्या वर्षी घरच्यांनी त्यांचं लग्न साठीच्या आसपासच्या एका जमीनदाराशी लावून दिलं. पंचविशीच्या आतच वैधव्य आलं. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मनाने पॅट्रिक डिलेनी या आयरिश धर्मगुरूंशी लग्न केलं. डब्लिनजवळच्या घरी बाग फुलवली, शंखशिंपल्यांची सजावट केली, भरतकाम तर आयुष्यभर चालूच होतं. त्यांच्या दरबारी पोशाखाच्या काळ्या रेशमावरही फुलंच भरलेली होती. काळ्यावर फूल कसं उठतं, हे त्यांच्या नजरेला तेव्हापासूनच ठाऊक असणार.

१७६८मध्ये पॅट्रिक गेले. त्यानंतर पोर्टलंडच्या डचेस मार्गारेट बेंटिंक या मैत्रिणीने त्यांना बुलस्ट्रोडच्या आपल्या घरी वरचेवर ठेवून घेतलं.

१७७२ची हकीकत सांगतात ती अशी: समोर लाल जिरेनियम होतं आणि शेजारी नेमक्या त्याच रंगाचा कागद. मेरीबाईंनी कात्री घेतली आणि पाकळ्या कापल्या. डचेस आत आल्या, तर त्यांना कागदाच्या पाकळ्या खऱ्याच वाटल्या.

[दृश्य: केसरांचा अगदी जवळून घेतलेला भाग.]

आता हे केसर पाहा. या कलेचं खरं मर्म इथे आहे. स्वीडनच्या लिनिअसने फुलझाडांची वर्गवारी केली ती प्रामुख्याने पुंकेसरांच्या संख्येवर. फूल कितीही देखणं उतरलं, पण केसर एखादा जास्त किंवा कमी झाला, तर झाडाचा वर्गच चुकला! मेरीबाई हे जाणून होत्या. लिनिअसचे शिष्य डॅनिएल सोलँडर यांचा बुलस्ट्रोडला राबता होता. इंग्लंडच्या वनस्पतींवरचा एक लॅटिन ग्रंथ तर मेरीबाईंनी १७६९मध्येच आपल्यासाठी इंग्रजीत उतरवला होता. त्यामुळे याला एका विधवेचा फावल्या वेळेचा विरंगुळा म्हटलं की मन दुखावतं. हा डोळसपणे केलेला अभ्यास आहे.

त्या जिवंत झाड समोर ठेवत, त्याच्या मागे काळा कागद धरत आणि नजरेच्या अंदाजाने कापत. एका पानासाठी हिरव्याच्या किती छटा! गडद तुकड्यावर फिकट, त्यावर आणखी फिकट. उजेड आणि सावली अशी थरांनी चढत जाते. हवा तो रंग मिळाला नाही, तर कागद स्वतः रंगवायचा. काही चित्रांत खरं पानही चिकटवलेलं सापडतं. खाली झाडाचं लॅटिन नाव, मागे तारीख, ठिकाण आणि झाड कुणी दिलं त्याची नोंद.

कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स म्हणत, की नुसत्या चित्रावरून झाडाचं शास्त्रीय वर्णन बेधडक करावं, तर ते याच चित्रांवरून. राजे तिसरे जॉर्ज आणि राणी शार्लट यांच्या क्यू इथल्या बागेतूनही त्यांच्याकडे झाडं येऊ लागली.

हजार फुलांचा त्यांचा संकल्प होता. १७८२मध्ये नजर अधू झाली आणि काम थांबलं, तोवर ९५०हून जास्त फुलं झाली होती. १७८८मध्ये त्या गेल्या.

[दृश्य: जुन्या संग्रहवहीची पानं.]

दहा खंडांचा हा संग्रह त्यांच्या भाचीच्या नातीने मृत्युपत्राने दिला आणि १८९७मध्ये तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आला. म्युझियमच्या संकेतस्थळावर या फुलांची छायाचित्रं आहेत. जरूर पाहा, आणि चित्र मोठं करून केसर मोजा.