एक मे ची ड्युटी

सकाळचे साडेनऊ, कपड्यांच्या शोरूमचं शटर अजून अर्धंच वर गेलंय आणि खालून वाकून एकेक जण आत शिरतोय. आज एक मे, म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही. काचेवर सेलचा लालभडक बोर्ड रात्रीच लागलाय.

आता आमच्या या फिल्ममध्ये जे काम चाललंय ते जरा नीट बघा, कारण गिऱ्हाईक येईपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं. मशीनवर अंगठा लावला की आधी ट्रायल रूमचे आरसे पुसायचे, मग रात्री विस्कटलेले ढीग परत घड्या घालून साइजप्रमाणे लावायचे, टॅग आत सरकवायचा, पुतळ्यांना नवे कपडे चढवायचे, स्टीमरने चुण्या काढायच्या, सेलचे स्टिकर एकेका टॅगवर हाताने चिकटवायचे, आणि हे सगळं अकराच्या आत. या ताईंचे हात बघा, त्या आपल्याशी बोलतायत आणि शर्टाची घडी होऊन बाजूलाही गेली, खाली बघावं पण लागत नाही. इतकं तरबेज माणूस, पण सणाला सुट्टी मागायची तर महिनाभर आधीपासून सुपरवायझरचा मूड बघत बसायचं.

ही सुपरवायझरची सुट्ट्यांची वही. नावापुढे पेन्सिलीने 'सीओ' लिहिलंय ना, ती बदली सुट्टी. आजच्या बदल्यात पुढे कधीतरी. आणि दोन ओळी वर बघा, खोडलेलं दिसतंय, ती मागच्या सणाची.

महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, त्यात वर्षाला ८ पगारी सुट्ट्या दिल्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या, उरलेल्या ४ सणांच्या सुट्ट्या मालकाने आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. त्या दिवशी कामावर बोलावलंच तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी, दोन्ही द्यायचं. इथे दुप्पट पगाराचं कोणी नावच काढत नाही. बदली सुट्टी मिळालीच तर मधल्याच एखाद्या मंगळवारी, जेव्हा नवरा कामावर, पोरं शाळेत, आणि ताई घरात एकट्या कपडे धुणार. अहो, गणपती बसतो त्या दिवशी घरी असणं आणि नंतरच्या मंगळवारी घरी असणं हे सारखं कसं होईल?

टपाल तिकिटावरचा हा चेहरा नारायण मेघाजी लोखंडे यांचा. गिरणी कामगारांचे पुढारी, सत्यशोधक, 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये लोखंड्यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या कमिशनपुढे गेलं, त्यात पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची, मग दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार. सहा वर्षं काही हललं नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन बायकाही त्या सभेत बोलल्या, आणि १० जूनला गिरणी मालकांनी रविवार दिला. सगळ्यांना एकच वार, सगळं घर एकत्र. आज शोरूममध्ये नेमकं तेच हातातून गेलंय.

दुपारचा डबा स्टॉक रूममध्ये, खोक्यांवर बसून. डबा खातानाचा हा व्हिडिओ कॉल आम्ही फिल्ममध्ये न कापता ठेवलाय.

मागच्या दिवाळीनंतर इथल्या दोघीजणी काम सोडून गेल्या.

राहिलेल्यांनी आता एक कागद तयार केलाय, तो हा. पुढच्या वर्षाच्या चार सणांची नावं वर, खाली सगळ्यांच्या सह्या, सुपरवायझरच्या भाच्याचीही. डिसेंबर लागायच्या आत मालकाच्या टेबलावर ठेवायचा, आणि पोच घ्यायची सही-शिक्क्यासकट. नाही दिली तर हीच प्रत घेऊन कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जायचं, कोण जाणार तेही ठरलंय.