माणूस कुणाचा, जागा कुणाची, पैसे कुणाला दिले?

परदेशी सहलीत एखाद्या बाईला त्रास झाला, की परत आल्यावर बहुतेक वेळा एकच वाक्य कानावर येतं, "तिकडे सांगणार कुणाला, आणि आता इकडे सांगून उपयोग काय?" आजचं सगळं बोलणं या वाक्याविरुद्ध आहे. सांगायच्या जागा असतात, एकापेक्षा जास्त असतात. आपल्या प्रसंगाला कोणती लागू पडते हे माहीत नसल्यामुळे बायका गप्प बसतात. ते कळायला तीन प्रश्न पुरतात. त्रास देणारा माणूस कुणाचा? प्रकार घडला ती जागा कुणाची? आणि आपण पैसे कुणाला दिले?

पहिल्या प्रश्नावर जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आई-वडील मुलीला म्हणतात, एकटी जाऊ नकोस, ग्रुप टूरनं जा, आपली माणसं असतात. असतात, आणि त्यातलाच एखादा त्रास देतो. बसमध्ये शेजारी बसून अंगचटीला येणारा सहप्रवासी, रात्री अकरा वाजता "उद्याचं वेळापत्रक सांगायचं होतं" म्हणून खोलीचं दार वाजवणारा टूर मॅनेजर, ग्रुपमधून नंबर घेऊन खासगी मेसेज पाठवत राहणारा गृहस्थ. हे सगळं रोममध्ये किंवा बँकॉकमध्ये घडलं म्हणून भारतातल्या पोलिसांच्या हाताबाहेर गेलं, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम १ वाचा. भारतीय नागरिकानं जगात कुठेही केलेल्या गुन्ह्याला ही संहिता लागू होते. तपास आणि खटला कसा चालवायचा ते ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०८ सांगतं, की असा माणूस भारतात जिथे सापडेल, तिथे गुन्हा घडल्यासारखी कारवाई करता येते. अट एक आहे, खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. ठाण्यावर नेमकं इथेच अडवतात, "आधी परवानगी आणा" म्हणतात. जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे, की परवानगी खटल्याच्या टप्प्यावर लागते, गुन्हा नोंदवून तपास सुरू करायला नाही. हे ठाण्यात शांतपणे सांगायचं. हद्दीचा मुद्दा काढला, तर नागरिक सुरक्षा संहितेचंच कलम १७३ दाखवायचं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यानं नोंदवून घ्यायची असते. झीरो एफआयआर म्हणतात तो हाच. विनयभंग किंवा लैंगिक छळाची तक्रार देणारी बाई असेल, तर जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो, तेही मागून घ्या. कोणतं कलम लागतं? नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी हे न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नकार दिल्यावरही पाठलाग करणं, मेसेजचा मारा करणं हे कलम ७८.

टूर मॅनेजर किंवा कंपनीचा कुणी कर्मचारी असेल, तर आणखी एक दार उघडं असतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरदार बायकांसाठी आहे असं आपण धरून चालतो. त्यातली पीडित महिलेची व्याख्या पाहा. "नोकरीत असो वा नसो" असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे ग्राहक म्हणून गेलेली बाईसुद्धा त्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करू शकते. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कंपनीला ही समिती ठेवावीच लागते. मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण दिलं तर आणखी तीन महिने वाढते. सहलीवरून आल्यावर दोन आठवडे कपडे धुण्यात आणि फोटो लावण्यात जातात, मग "जाऊ दे" सुरू होतं. म्हणून तारीख आधी कॅलेंडरवर लिहून ठेवा. तक्रार विक्री विभागाच्या ईमेलवर पाठवू नका. "अंतर्गत समितीच्या अध्यक्षांस" असा मायना लिहा. ग्राहकसेवेकडे गेलेली तक्रार "पुढच्या टूरवर पाच हजारांची सूट" या उत्तरावर संपते. समितीला मात्र चौकशी करावी लागते, आणि ती ९० दिवसांत पूर्ण करावी लागते.

आता जागा. विमान भारतात नोंदलेलं असेल, तर ते कुठल्याही आकाशात असलं तरी भारतीय कायदा चालतो, मग शेजारचा प्रवासी कुठल्याही देशाचा असो. तिथली मोठी अडचण अशी, की बाई उतरून घरी जाते आणि मग ईमेल लिहिते. तोवर साक्षीदार पांगलेले असतात, कर्मचारी पुढच्या विमानात चढलेले असतात. त्यामुळे ताबडतोब बटण दाबून केबिन क्रूला बोलवा, जागा बदलून घ्या आणि स्पष्ट शब्दांत सांगा, "ही लैंगिक छळाची तक्रार आहे, कॅप्टनला कळवा, उतरल्यावर सुरक्षा कर्मचारी हवे आहेत." नुसतं "हा माणूस त्रास देतोय" म्हटलं, तर ते जागेच्या भांडणात जमा होतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमांत अयोग्य स्पर्श दुसऱ्या पातळीच्या गैरवर्तनात मोडतो आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत उड्डाणबंदीची तरतूद आहे. पण ती प्रक्रिया सुरू होते कॅप्टनच्या नोंदीवरून. ती नोंद झाली का, हे विचारूनच विमानातून उतरा.

परक्या जमिनीवर त्या देशाचा कायदा, आणि तिथे प्रत्येक देशाची खोच वेगळी. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लैंगिक शेरेबाजीला २०१८ पासून दंड आहे. पॅरिसच्या मेट्रोत ३११७ ला फोन किंवा ३११७७ ला एसएमएस करता येतो, आणि हे दोन आकडे निघण्यापूर्वी फोनमध्ये घालून ठेवा. पण खरी गोम पोलीस ठाण्यात आहे. तिथे दोन प्रकारचे कागद होतात. एकाला म्हणतात मँ कुराँत. ती फक्त नोंद, आपल्याकडच्या अदखलपात्र नोंदीसारखी, तिच्यावरून सहसा पुढे काही होत नाही. दुसरी प्लँत, म्हणजे रीतसर तक्रार. गर्दी असली, भाषेची अडचण असली, की पर्यटकाला पहिला कागद हातात देऊन वाटेला लावणं सोपं पडतं. "प्लँत" हा शब्द उच्चारून मागा आणि पावती घ्या. इटलीत २०१९ च्या कायद्यानं लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीची मुदत सहा महिन्यांवरून बारा महिने केली, म्हणजे तिथे असताना धीर झाला नाही तरी वेळ गेलेली नसते.

इजिप्तला आपल्याकडून बरेच जण जातात. तिथे छेडछाड हा दंडसंहितेतला गुन्हा २०१४ मध्ये झाला आणि २०२१ मध्ये शिक्षा वाढवून दोन ते चार वर्षं कैद केली. कायदा कडक आहे, रस्ता तसा नाही. कैरोच्या मेट्रोत मधले डबे बायकांसाठी राखीव असतात, तेच वापरा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक १२६. गिझाला पिरॅमिड बघताना उंटावर बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा. भाडं चढण्याचं आणि उतरण्याचं मिळून किती, कारण वर बसवून उतरवायचे वेगळे पैसे मागणं हा तिथला जुना धंदा आहे. फेरी किती मिनिटांची आणि कुठपर्यंत. आणि उंटवाला दोर धरून चालत येणार, मागे बसणार नाही. ही तिसरी अट बायका संकोचानं बोलत नाहीत, आणि अनेक तक्रारी उंटवाला मागे बसल्याच्याच असतात.

तुर्कस्तानातल्या हमामबद्दलही, म्हणजे तिथल्या सार्वजनिक गरम स्नानगृहांबद्दलही, असंच. पारंपरिक हमामात बायकांच्या बाजूला अंग चोळणारी बाईच असते, तिला नातिर म्हणतात. हॉटेलांतल्या आणि खास पर्यटकांसाठीच्या काही हमामांत मात्र पुरुष मालिश करतो आणि "इथली पद्धतच ही" असं ठासून सांगतो. ती पद्धत नाही. बुकिंग करतानाच लेखी विचारा, आणि आत गेल्यावर पुरुष समोर आला तर टॉवेल गुंडाळून बाहेर या. भरलेले पैसे गेले तरी चालतील.

दुबईबद्दल सावधपणे बोलायला हवं. २०१३ मध्ये नॉर्वेच्या एका महिलेनं तिथे बलात्काराची तक्रार दिली आणि विवाहबाह्य संबंधांच्या व मद्यपानाच्या आरोपांखाली तिलाच १६ महिन्यांची शिक्षा झाली. जगभर ओरड झाल्यावर तिला माफी मिळाली. त्यानंतर कायदे बदलले आहेत. २०२२ पासून अशा संबंधांबद्दलचा खटला नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा पालकाच्या तक्रारीवरूनच उभा राहतो. तरीही तिथे गंभीर प्रसंगात आधी भारतीय महावाणिज्य दूतावासाला फोन करा, त्यांना सोबत मागा आणि मग पोलिसांकडे जा. जिवाला धोका असेल तर अर्थातच आधी ९९९, म्हणजे तिथले पोलीस. आणखी एक. आपल्याकडे त्रास देणाऱ्याचा व्हिडिओ काढून टाकायची सवय लागली आहे. अमिरातीत परवानगीशिवाय कुणाचं चित्रण करणं, पसरवणं हा गुन्हा आहे आणि उलट तुमच्यावरच केस होऊ शकते.

पुरावा मग कसा ठेवायचा? सगळ्यात साधा आणि टिकाऊ म्हणजे घटना घडल्यावर तासाभरात घरच्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला पाठवलेला मेसेज, मराठीतच, वेळ, जागा, माणसाचं वर्णन आणि तो काय बोलला, काय केलं हे लिहून. तो आपोआप वेळेसह राहतो. हॉटेलात काही झालं तर रिसेप्शनला ईमेल करून अमुक मजल्याचं, अमुक वेळेतलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवायला सांगा. ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि तोंडी विनंतीची नोंद कुठेच राहत नाही.

अत्याचार झाला असेल तर तास मोजावे लागतात, म्हणून हे आत्ता ऐकून ठेवा. आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमट राहून नमुने खराब होतात. पेयात काही मिसळल्याची शंका असेल तर लघवीची तपासणी पहिल्या काही तासांत व्हायला हवी. काही औषधं बारा तासांत शरीरातून निघून जातात आणि मग तपासणी कोरी येते. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी परिणामकारक. या मुदतीत तुम्ही भारतात पोहोचला असाल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाला तुमच्यावर मोफत उपचार करावे लागतात. "आधी पोलीस केस" हे उत्तर चालत नाही.

दूतावासाकडून काय मिळतं तेही समजून घ्या. वकिलांची आणि दुभाष्यांची यादी, घरच्यांशी संपर्क, पासपोर्ट गेला असेल तर भारतात परतण्यापुरता इमर्जन्सी सर्टिफिकेट नावाचा कागद. त्यासाठी आधी स्थानिक पोलिसांची नोंद लागते. तुमच्या बाजूनं खटला लढवणं हे त्यांचं काम नव्हे. फोनला उत्तर नाही मिळालं, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका. तिला क्रमांक मिळतो आणि क्रमांक असलेल्या तक्रारीला उत्तर द्यावं लागतं.

आता तिसरा प्रश्न, पैसे. इथे अपेक्षाभंगाचा विषय येतो. पॅरिसमध्ये काम करणारे जपानी मनोविकारतज्ज्ञ हिरोआकी ओता यांनी १९८० च्या दशकात तिथे येणाऱ्या जपानी पर्यटकांमधला एक त्रास नोंदवला. मनातलं पॅरिस आणि समोरचं पॅरिस यांतली तफावत सहन न होऊन काही जणांना चक्क रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्या तफावतीला कुणी भरपाई देणार नाही. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं आणि प्रत्यक्ष दिलेलं यांतल्या तफावतीला मात्र मिळते.

म्हणून पत्रिका पैसे भरण्याआधी वाचा. "फोटो स्टॉप" म्हणजे आत प्रवेश नाही, बाहेरून दहा-पंधरा मिनिटं. "अमुक हॉटेल किंवा तत्सम" यातल्या तत्समवर सगळा खेळ असतो. तत्सम हॉटेल शहरापासून तासभर लांब, संध्याकाळी सहानंतर बस नसलेल्या औद्योगिक भागात निघतं, आणि एकट्या बाईसाठी ही गैरसोय राहत नाही, तो धोका होतो. शहराच्या मध्यापासून जास्तीत जास्त किती किलोमीटर, हे लेखी घ्या. "ट्विन शेअरिंग", म्हणजे दोघींत एक खोली, घेतलं असेल तर जोडीदार बाईच असेल आणि जोडीदार न मिळाल्यास सिंगल रूमचा जादा आकार कोण भरेल, हेही. तुर्कस्तानातल्या कप्पाडोकियाचं, पर्यटकांना घेऊन उडणारं बलून वाऱ्यामुळे उडालं नाही, तर त्यात कंपनीचा दोष नाही. उड्डाणाची परवानगी तिथलं विमान वाहतूक खातं पहाटे देतं. पण त्याचे पैसे परत न करणं हा दोष नक्कीच आहे.

अपेक्षाभंगाला किंमत असते हे मानणारा प्रसिद्ध निकाल इंग्लंडचा. जार्व्हिस नावाच्या वकिलानं स्वित्झर्लंडच्या पंधरा दिवसांच्या नाताळ सहलीला ६३.४५ पौंड भरले होते. पाहुण्यांनी भरलेल्या घरातलं मेजवानीचं वातावरण मिळेल असं पत्रकात होतं. दुसऱ्या आठवड्यात त्या घरात तो एकटाच पाहुणा उरला. अपील न्यायालयानं त्याला १२५ पौंड दिले, म्हणजे भरल्याच्या जवळजवळ दुप्पट, कारण सुट्टीच्या करारात आनंद हाच विकलेला माल असतो. आपल्याकडेही ग्राहक आयोग मानसिक त्रासाची भरपाई देतात, पण ती वेगळी मागावी लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग कंपनीला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या, मग आयोगाकडे जा. नोटिशीत तीन रकमा वेगळ्या ओळींवर लिहा: न मिळालेल्या सेवेची किंमत, खिशातून झालेला जादा खर्च पावत्यांसह, आणि मानसिक त्रास. छळाची घटना असेल तर तिचा उल्लेख त्याच नोटिशीत करा, सुरक्षित राहण्याची आणि प्रवासाची सोय ही तुम्ही विकत घेतलेली सेवा होती असं लिहून. कंपनी बोलावून घेईल, तोंडी दिलगिरी व्यक्त करेल आणि "पूर्ण व अंतिम समझोता" असं शीर्षक असलेला कागद पुढे करेल. पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्यावर सही करू नका, आणि त्यात "पोलीस व अंतर्गत समितीकडील तक्रारी मागे घेते" असं वाक्य असेल, तर ते खोडल्याशिवाय मुळीच करू नका.