पैसा खर्च झाला. काम झाले का?

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेक जण विश्वस्त किंवा कार्यकर्ते आहात. ‘ऑडिट’ म्हटले की मार्चअखेरची धावपळ आठवते: राहिलेली व्हाउचरे, सह्या, पावतीपुस्तकांची शोधाशोध. ते वैधानिक ऑडिट. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे ते होते आणि व्हायलाच हवे. व्हाउचरे जागेवर आहेत का, पाच हजारांवरच्या दुरुस्तीला निविदा मागवल्या का, पैसा उद्दिष्टाबाहेर गेला का, हे त्यात तपासले जाते. उद्दिष्ट साधले का, हा प्रश्न त्यात नाही. तो विचारण्यासाठी अंतर्गत लेखापरीक्षण लागते, आणि आपल्या ट्रस्टांवर कायद्याने त्याची सक्ती नाही. म्हणूनच ते आपण होऊन करावे, असे मी आग्रहाने सांगतो.

एक उदाहरण घ्या. समजा, संस्थेची फिरत्या दवाखान्याची गाडी आहे. डिझेलची बिले चोख, सह्या पूर्ण. वैधानिक ऑडिटला एवढे पुरते. अंतर्गत लेखापरीक्षक ते बिल गाडीच्या लॉगबुकाशी ताडून पाहतो, लॉगबुक रुग्णनोंदवहीशी आणि औषधांच्या साठ्याशी. मग दिसते की एका गावात गाडी नेमकी आठवडी बाजाराच्या दिवशी जाते, गाव बाजाराला गेलेले असते आणि वहीत चारच नावे असतात. इथे कुणी पैसा खाल्लेला नाही. वार बदलला की त्याच डिझेलमध्ये कितीतरी जास्त माणसे तपासून होतील. लेखापरीक्षण चोर पकडण्यासाठीच असते हा समज इतका पक्का आहे की असल्या गोष्टी कुणी शोधतच नाही!

दर तिमाहीला तपासणी झाली तर आणखी एक फायदा होतो. आयकरातली सवलत टिकवायला साधारणपणे उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात. डिसेंबरातच कळले की निधी पडून आहे, तर मार्चमध्ये घाईघाईने नको ती खरेदी होत नाही.

अडचण खर्चाची आहे, हे मान्य. परदेशी देणग्यांतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्या देणग्यांच्या कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि हिशेब सांभाळण्याचा खर्च त्यातच मोडतो. कात्री पहिली इथेच लागते. पण छोट्या संस्थेला पगारी लेखापरीक्षक लागतोच असे नाही. दुसऱ्या संस्थेचा अनुभवी लेखापाल किंवा बँकेतून निवृत्त झालेला जाणकार माणूस चालतो. अट एकच: ज्याने खर्च मंजूर केला त्याच्या हाताखाली तो नसावा. त्याचा अहवाल सचिवांच्या टेबलावर न थांबता थेट विश्वस्तांच्या सभेत यावा, आणि मागच्या सभेतले कोणते मुद्दे अजून बाकी आहेत व ते कुणाकडे आहेत, हे इतिवृत्तात नावानिशी लिहिले जावे.