खपली आणि लेप

(दृश्य: ग्लोव्हबॉक्सची काच. आत दोन जाड काळे रबरी हातमोजे, एक चिमटा, एक पातं.)

या पेटीत आरगॉन वायू भरलेला आहे. पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन, दोन्हींचं प्रमाण दहा लाखांत एका भागाहूनही कमी. नायट्रोजन इथे चालत नाही, कारण आतला धातू हळूहळू नायट्रोजनशीही संयोग पावतो आणि काळा पडतो.

पात्याखाली आहे लिथियम. दिसायला चांदी, कापायला मेण. वजनाला इतकं हलकं, की घनता पाण्याच्या जवळपास निम्मी. आत्ता कापलेली कड बघा, आरशासारखी लखलखते आहे. हीच चकती दमट हवेत बाहेर काढली, तर बघता बघता तिची चमक जाते. आधी राखाडी, मग काळपट.

एवढ्या नाजूक, तापट धातूच्या मागे बॅटरीचे संशोधक पन्नास वर्षं का लागले आहेत? कारण हा आकडा: एका ग्रॅम लिथियममध्ये ३८६० मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठू शकतो. आज फोनमध्ये आणि गाड्यांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्रॅफाइटमध्ये ३७२. दहापट फरक. आख्खी बॅटरी काही दहापट होणार नाही, कारण दुसरा इलेक्ट्रोड म्हणजे बॅटरीची दुसरी बाजू, दोन्ही बाजूंमधला विद्युतभार वाहून नेणारा इलेक्ट्रोलाइट आणि वेष्टन यांचं वजन आहे तिथेच राहतं. तरीही हाती लागणारं दान मोठं आहे.

(दृश्य: जुनी प्रयोगशाळा, कृष्णधवल.)

१९७० च्या दशकात एक्सॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एका बाजूला लिथियम धातू आणि दुसऱ्या बाजूला टायटॅनियम डायसल्फाइड घेऊन पुन्हा चार्ज होणारी बॅटरी तयार केली. ती चालली. पण प्रयोगशाळेत आगी लागायला लागल्या. अग्निशमन दलाला इतक्यांदा यावं लागलं, की लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे तुम्हीच भरा, अशी तंबी त्यांनी दिली.

पुढे १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी धातूच बाजूला सारला आणि लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, कार्बनच्या थरांमध्ये मुक्कामाला ठेवले. १९९१ मध्ये सोनीने ही लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, योशिनो आणि जॉन गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सुरक्षितपणासाठी धातू सोडला, हा निर्णय योग्यच होता. पण धातूचं वेड कुणाच्या डोक्यातून गेलं नाही.

(दृश्य: ॲनिमेशन. धातूचा पृष्ठभाग, वर द्रव.)

आता गडबड नेमकी कुठे होते, ते जवळून पाहू.

लिथियमला इलेक्ट्रोलाइटचा स्पर्श झाला, की त्याच क्षणी अभिक्रिया होते आणि पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा एक पापुद्रा धरतो. जखमेवर खपली धरते तसा. ही खपली धातूतले इलेक्ट्रॉन अडवते, त्यामुळे अभिक्रिया थांबते. आयन मात्र तिच्यातून ये-जा करू शकतात. १९७९ मध्ये इमॅन्युएल पेलेड यांनी या थराचं नीट वर्णन करून त्याला नाव दिलं. ग्रॅफाइटवर हीच खपली वर्षानुवर्षं टिकते, कारण आयन आत शिरताना ग्रॅफाइट जेमतेम दहा टक्के फुगतं.

लिथियमवर ती टिकत नाही. कारण चार्ज होताना धातूचा नवा थरच वर चढतो आणि वापरताना तो विरघळून जातो. दर चौरस सेंटिमीटरला चार मिलिअँपिअर-तास साठवायचे, तर पृष्ठभाग सुमारे २० मायक्रोमीटर वर येतो आणि पुन्हा खाली जातो. प्रत्येक वेळी. खपली फाटते. फाटलेल्या जागी उघडा धातू पुन्हा द्रवाशी झोंबतो, थोडं लिथियम खर्च होतं, थोडा द्रव खर्च होतो, नवी खपली धरते. पुढच्या फेरीत तीही फाटते.

आणि जिथे ती पातळ असते किंवा तडकलेली असते, तिथे आयनांना वाट सोपी मिळते. ते तिथेच गर्दी करतात, आणि तिथून कोंब फुटतो. कोंबाच्या टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटतं, म्हणून पुढचे आयनही टोकाकडेच ओढले जातात. हे कोंब म्हणजे डेंड्राइट. एखादा कोंब दोन इलेक्ट्रोडमधला पडदा भेदून पलीकडे पोहोचला, की शॉर्ट सर्किट, उष्णता, आणि कधी आग. पोहोचला नाही तरी नुकसान आहेच: वापरताना कोंब बुडाशी आधी विरघळला, तर वरचा भाग तुटून अधांतरी राहतो. बॅटरीत असून नसल्यासारखा. संशोधक त्याला मृत लिथियम म्हणतात.

(दृश्य: पुन्हा चकती. या वेळी तिच्यावर लेप आहे, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही.)

म्हणून लेप. नैसर्गिक खपलीवर विसंबण्याऐवजी आपणच आधी एक खपली चढवायची, आणि ती नीट विचार करून घडवायची.

या लेपाकडून मागणं फार आहे. आयनांना वाट द्यायची, इलेक्ट्रॉनना मुळीच नाही. लेपातून इलेक्ट्रॉन गळू लागले, तर लिथियम लेपाखाली बसण्याऐवजी त्याच्याच डोक्यावर साचायला लागतं, आणि सगळा खटाटोप वाया.

असा लेप चढवायची एक पद्धत आहे अणुथर लेपन. फिनलंडचे तुओमो सुंतोला यांनी १९७४ मध्ये ती विकसित केली, तेव्हा बॅटरी कुणाच्या मनातही नव्हती. ॲल्युमिनियमयुक्त वाफ सोडायची. ती पृष्ठभागाला एक थर चिकटून थांबते. उरलेली झाडून काढायची. मग पाण्याची वाफ. तीही झाडून काढायची. एका फेरीत साधारण ०.१ नॅनोमीटर ॲल्युमिनियम ऑक्साइड बसतं. लिथियम १८० अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे हे सगळं बेताच्या तापमानात उरकावं लागतं. २०१५ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी अवघ्या १४ नॅनोमीटरच्या अशा लेपाने लिथियमला हवा, गंधक आणि इलेक्ट्रोलाइट या तिन्हींपासून वाचवून दाखवलं.

मला या आकड्यापाशी दर वेळी थांबावंसं वाटतं. १४ नॅनोमीटरचा कडक, ठिसूळ लेप, आणि त्याच्याखालचा पृष्ठभाग २० मायक्रोमीटर वर-खाली होणार. लेपाच्या जाडीच्या चौदाशे पट! तो तडकला, तर त्यात त्याचा काय दोष?

मग आणखी कडक करायचा का? २००५ मध्ये चार्ल्स मन्रो आणि जॉन न्यूमन यांच्या गणिताने सांगितलं, की लिथियमच्या सुमारे दुप्पट ताठ पदार्थ पुढे असेल तर कोंब दबले पाहिजेत. त्याहून कितीतरी ताठ सिरॅमिक घेऊन पाहिलं, तरी लिथियम आत घुसलंच. मधून नाही, कणाकणांच्या सांध्यांतून, बारीक भेगांतून. त्याउलट, १९९० च्या दशकात ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत घडवलेल्या लायपॉन या काचेसारख्या पदार्थात कणच नाहीत, म्हणून सांधेही नाहीत. त्याचा पातळ थर लिथियमसमोर हजारो फेऱ्या टिकला, पण त्या अगदी छोट्या, पातळ बॅटऱ्यांमध्ये. म्हणून आता बरेच जण लवचीक पॉलिमरमध्ये कडक कण मिसळतात: ताणला जाईल, पण फाटणार नाही असा लेप.

काही बॅटऱ्यांत लिथियमऐवजी जस्त असतं; त्याचं दुखणं वेगळं. तिथे इलेक्ट्रोलाइट पाण्याचं असतं, त्यामुळे आग लागत नाही, पण धातूवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि कोंब तिथेही फुटतात. तिथल्या लेपाने पाण्याला दूर ठेवून जस्ताचे आयन तेवढे आत घ्यायचे असतात.

(दृश्य: चाचणी यंत्राचा पडदा. बटणाएवढे सेल रांगेत.)

लेप कसा आहे, हे शेवटी इथे ठरतं. जितकं लिथियम चढलं, त्यातलं किती परत आलं? शंभरातले नव्याण्णव म्हणजे छान वाटेल. पण जादा लिथियमचा साठा नसेल, तर या हिशेबाने शंभर फेऱ्यांनंतर ३७ टक्केच उरतं. हजार फेऱ्यांनंतर ८० टक्के हवं असेल, तर प्रत्येक फेरीला ९९.९८ टक्के परत यायला हवं.

पडद्यावर दोनशे बारावी फेरी चालू आहे. सगळ्यांची नजर दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्यावर आहे.